व्हिडिओ लावला का लॅपटॉप तापते, काय करू?

प्रश्न: पोरीच्या बारावीच्या लेक्चरसाठी जुना लॅपटॉप घेतला, आय-फाइव्ह चौथी जनरेशन, विंडोज १०. क्रोममध्ये यूट्यूब १०८० वर लावलं का पंखा बोंबलते, चित्र अटकून अटकून चालते, आवाज मात्र बरोबर येते. कोनी म्हणते हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा, कोनी म्हणते चालू करा. नेमकं काय करू?
– एक वाचक, ता. दारव्हा

उत्तर: भाऊ, आवाज नीट अन् चित्र अटकते म्हणजे नेटचा दोष नाही, नेट कमी पडलं असतं तर गोल फिरत बसला असता अन् आवाजही थांबला असता. हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची सेटिंग, म्हणजे व्हिडिओचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपकडं देणारी, चालूच ठेवा. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीममध्ये जा, 'यूज ग्राफिक्स अ‍ॅक्सिलरेशन व्हेन अव्हेलेबल' ऑन करा अन् रीलाँच दाबा, नुसती टॅब बंद करून होत नाही. हे बंद असलं तर व्हिडिओ उलगडायचं सगळं काम एकट्या प्रोसेसरवर पडते, बॅटरीही लवकर उतरते, अन् लोडशेडिंगमध्ये तेच महागात पडते.

पण तुमच्या मशीनवर एवढ्यानं भागणार नाही. यूट्यूब बहुतेक वेळा व्हीपी९ नाहीतर एव्ही१ या कोडेकमध्ये, म्हणजे व्हिडिओ आवळायच्या पद्धतीत, व्हिडिओ पाठवते, आणि इंटेलच्या ग्राफिक्समध्ये व्हीपी९ पूर्णपणे सातव्या जनरेशनपासून आलं, एव्ही१ तर अकराव्यापासून. मग सेटिंग ऑन असूनही काम प्रोसेसरच करते. एच.२६४ हा जुना कोडेक मात्र तुमची चिप आरामात चालवते. म्हणून क्रोममध्ये 'एच२६४इफाय'सारखं एक्स्टेंशन, म्हणजे वरून जोडायचं छोटं टूल, टाका, ते यूट्यूबकडून एच.२६४ च मागवते. १०८० च्या वर क्वालिटी मिळणार नाही, पण लेक्चरला त्याहून जास्त लागतेच कशाला.

झालं का नाही हे पाहायला व्हिडिओवर राइट क्लिक करून 'स्टॅट्स फॉर नर्ड्स' उघडा. कोडेक्ससमोर एव्हीसी१ (म्हणजेच एच.२६४) दिसलं की जमलं, व्हीपी०९ किंवा एव्ही०१ असलं तर एक्स्टेंशन लागलं नाही. तिथंच ड्रॉप्ड फ्रेम्सचा, म्हणजे न दाखवता गळालेल्या चित्रांचा, आकडा असते, तो भराभर वाढत असला तर चित्र अटकणारच.

बंद कधी करायचं? स्क्रीनवर हिरवे-काळे पट्टे आले, किंवा आवाज येऊन चित्र काळंच राहिलं तर. तेही आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकून पाहा, फरक नाही पडला तरच बंद करा.

अन् आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जाते, गादीवर ठेवला तर खालची जाळी बंद होऊन तापलेला प्रोसेसर आपली स्पीड स्वतःच कमी करते, म्हणून लाकडी पाटावर ठेवा. नवीन मशीन घ्यायची घाई नका करू भाऊ, पोरीची बारावी याच्यावर नक्की निघते.