पंधरा एप्रिलपर्यंतचे दिवस

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझ्याच वाटेवरचं आणखी कुणी हे वाचत असेल, म्हणून आधी तुझी परिस्थिती मांडते. तू नाशिकचा, इतिहासात एम.ए., एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतोस. त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथ यात्रेवर काम करायचं म्हणून डिसेंबरात अमेरिकेतल्या सहा विद्यापीठांत धर्म-अभ्यासाच्या पीएच.डी.साठी अर्ज केलेस. आता फेब्रुवारी संपत आलाय. एका ठिकाणाहून नकार आला. एका ठिकाणी वेटिंग लिस्टवर आहेस. एकाने पीएच.डी. नाकारून एम.ए.ची जागा देऊ केली, पण स्कॉलरशिप नाही. उरलेल्या तिघांकडून चकार शब्द नाही. वडील निफाडची द्राक्षबाग गहाण ठेवायला निघालेत. एम.ए. घेऊ का, नोकरी सोडू का, गप्प असलेल्यांना मेल करू का, आणि एप्रिलपर्यंत दिवस काढू कसे, असं विचारलंयस.

मी नाशिकच्याच अशोकस्तंभाजवळ वाढले. याच विषयासाठी, याच महिन्यांत, घराच्या गच्चीवर येरझाऱ्या घातल्यात. आता अमेरिकेत शिकवते. त्यामुळे तू ताई म्हटलंयस तर ताईसारखंच सांगते.

बागेचं आधी. बाग गहाण ठेवू नकोस. वडिलांना आजच सांग, म्हणजे ते बँकेत खेटे घालायचे थांबतील. अमेरिकेत या विषयात पीएच.डी.ची जागा म्हणजे बहुतेक ठिकाणी फी माफ, दरमहा स्टायपेंड आणि आरोग्य विमा, साधारण पाच वर्षं. त्या बदल्यात मधली काही वर्षं तू तिथल्या बी.ए.च्या मुलांना शिकवायला मदत करतोस. ज्या विभागाला तू हवा असतोस, तो तुझा खर्च उचलतो. बिनस्कॉलरशिपच्या एम.ए.त दोन वर्षांची फी आणि राहणं-खाणं धरून बहुतेक ठिकाणी पन्नास लाखांच्या वर सहज जातात. शिवाय त्यानंतर पीएच.डी.ची जागा मिळेल याची कुणी हमी देत नाही. आणि पीएच.डी. झाल्यावरही या विषयात कायमच्या नोकऱ्या मोजक्याच असतात. कर्ज फेडण्याचा हा विषय नव्हे. एक मात्र कर: त्या विभागाला सरळ विचार, की फीमध्ये सवलत किंवा असिस्टंटशिप, म्हणजे विभागातलं पगारी काम, मिळू शकते का. कधी कधी विचारल्यावर काही रक्कम निघते. फी पूर्ण माफ झाली आणि वर थोडं काम मिळालं, तर मला पुन्हा लिही, तेव्हा वेगळा विचार करू.

आता मौन. तिघांनी उत्तर दिलं नाही म्हणजे नकार झाला, असं तू धरून चाललायस. तिथे आत काय चालतं ते बघ. अर्ज डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. मग विभागातल्या प्राध्यापकांची समिती वाचायला बसते. प्रत्येकी वीस-पंचवीस पानांचा लेखननमुना, तीन शिफारसपत्रं, उद्देशपत्र. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत निवडक लोकांच्या व्हिडिओवर मुलाखती होतात, काही विभाग तर मुलाखत घेतच नाहीत. मग नावं ग्रॅज्युएट स्कूलकडे जातात, तिथे पैशांचा मेळ बसला की पत्र निघतं. पहिल्या पसंतीच्यांना आधी कळतं, नकाराची पत्रं बऱ्याचदा सगळ्यात शेवटी जातात. मधल्यांना बरेच आठवडे काहीच कळत नाही. तू आत्ता तिथे आहेस.

आणि जागा किती? एका विभागात सगळे धर्म, सगळे काळ मिळून वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यात दक्षिण आशियासाठी एखादी, एखाद्या वर्षी तीही नाही. ज्या प्राध्यापकांकडे तुला काम करायचंय त्यांनी मागच्याच वर्षी विद्यार्थी घेतलेला असतो, किंवा ते पुढच्या वर्षी रजेवर असतात. हे तुला बाहेरून दिसत नाही. त्यात 2025 साली अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मानव्यशाखांमधल्या पीएच.डी.च्या जागा कमी केल्या, काहींनी तर प्रवेशच थांबवले. तेव्हा जो नकार आला, तो तुझ्या बुद्धीवरचा शेरा आहे असं मनात धरू नकोस. मी धरलं होतं. महिनाभर कुणाशी नीट बोलले नाही.

दुपारी दर दहा मिनिटांनी मेल उघडतोस असं लिहिलंयस, ते आजपासून बंद कर. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडे घड्याळं पुढे सरकली की साडेसहा. कॅलिफोर्नियाचं ऑफिस उघडेपर्यंत आपल्याकडे रात्रीचे साडेदहा, घड्याळं सरकल्यावर साडेनऊ. तू तासिकेवर असतोस तेव्हा ती माणसं झोपलेली असतात. रविवारी काही येत नाही आणि आपल्या सोमवारी दिवसाही नाही. रात्री झोपण्यापूर्वी एकदा बघ, सकाळी एकदा. मुलाखतीचा मेल सकाळी वाचलास म्हणून काही बिघडत नाही, उत्तराला एक-दोन दिवस देतातच.

वेटिंग लिस्टवाल्या विभागाला लिहायचं, पण एकदाच. पत्र प्रवेश बघणाऱ्या प्राध्यापकांना, आठ-दहा ओळींचं. मला अजूनही यायचं आहे हे स्पष्ट लिही. तीच तुझी पहिली पसंती असेल तर तसं म्हण, नसेल तर म्हणू नकोस. डिसेंबरनंतर काही नवं घडलं असेल तर ते सांग. बाकीच्या तिघांना मार्चच्या मध्यापर्यंत काही विचारू नकोस. वेटिंग लिस्ट हलते ती एप्रिलमध्ये, आणि त्यालाही कारण आहे. तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी एक ठराव मान्य केलाय, की आर्थिक मदतीसह दिलेल्या जागेवर उत्तर द्यायला विद्यार्थ्याला 15 एप्रिलपर्यंत मुभा द्यायची. ज्यांच्या हातात दोन-तीन जागा आहेत ते शेवटच्या दिवसापर्यंत विचार करतात. त्यांनी एक सोडली की ती खालच्याला मिळते. माझा मेल 14 एप्रिलच्या रात्री पावणेएकला आला. आई स्वयंपाकघरात पाणी प्यायला उठली होती, तिला पहिल्यांदा सांगितलं.

नोकरी सोडू नकोस. तासिकेचे पैसे किती आणि कधी मिळतात ते मला माहीत आहे, तरी सत्र पूर्ण कर. नेटचा, म्हणजे प्राध्यापकीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा, फॉर्म निघाला की भरून टाक. इतिहासातून दे, किंवा यादीत धर्मांचा तौलनिक अभ्यास असाही स्वतंत्र विषय आहे, तो बघ. त्यातून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली आणि इथे पीएच.डी.ला प्रवेश घेतलास तर महिना 37,000 रुपये मिळतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचा झाला तर हातात काम असतं. मी पहिल्या वर्षी सगळीकडून नाकारली गेले होते, दुसऱ्या वर्षी जागा मिळाली. आपल्याकडच्या ओळखीत हे कुणी बोलत नाही, पण दोनदा अर्ज करणारे खूप आहेत. जर्मनीकडेही लक्ष ठेव. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोंथायमर महाराष्ट्रातल्या धनगरांमध्ये वर्षानुवर्षं हिंडले, खंडोबावर त्यांनी आयुष्य घातलं. तिकडे पगारी संशोधक म्हणून जागा निघतात, त्यांच्या तारखाही वेगळ्या असतात.

तुझ्या पत्रातली एक ओळ मात्र मला फार लागली. 'या वर्षी पौषात त्र्यंबकला गेलो नाही, मुलाखतीचा मेल येईल म्हणून घरीच थांबलो.'

अरे, तू अर्जात लिहिलंयस ते त्या यात्रेबद्दलच ना? पौष वद्य एकादशी साधारण जानेवारीत येते आणि अमेरिकेतलं दुसरं सत्र जानेवारीच्या मध्यालाच सुरू होतं. एकदा इकडे आलास की पहिली दोन-तीन वर्षं वर्गांची आणि नंतर मोठ्या परीक्षांची. त्या काळात तुला पौषात निघता येणार नाही. क्षेत्रकामाचं वर्ष मिळेल तेव्हाच पुन्हा दिंडी दिसेल. मला रामकुंडावरच्या कितीतरी गोष्टींसाठी अशीच वाट पाहावी लागली. जे आज सायकलवर जाऊन बघता येतंय, त्यासाठी पुढे तुला अनुदानाचे अर्ज लिहावे लागतील.

यात्रा गेली, पण दिंड्यांमधली माणसं गावोगावी घरीच आहेत. या वर्षीचं सगळं त्यांना ताजं आठवतंय. सिन्नरला जा, निफाडच्या आसपास तर तुझेच नातेवाईक असतील. विणेकऱ्यांना भेट, चोपदारांना भेट. मुक्काम कुठे पडला, पंगत कुणाची होती, कुणी या वर्षी आलं नाही, याची वही बहुतेक दिंड्यांमध्ये कुणीतरी ठेवतं. ती बघायला माग. 2027 च्या सिंहस्थासाठी त्र्यंबकच्या रस्त्यावर कामं सुरू आहेत, तर मुक्कामाच्या जागा बदलल्यात का, हे आत्ताच विचार. पाच वर्षांनी विचारशील तेव्हा लोकांना नेमकं आठवणार नाही. चैत्रात सप्तशृंगगडावर खानदेशातून पायी माणसं येतात, रामनवमीपासून चैत्री पौर्णिमेपर्यंत. तेही तुझ्या वाट बघण्याच्याच दिवसांच्या आसपास. एकदा त्यांच्याबरोबर चालून बघ, निवृत्तिनाथांच्या वारकऱ्यांपेक्षा त्यांचं चालणं कसं वेगळं आहे ते तुझं तुलाच दिसेल.

मी अर्ज करण्याच्या माझ्या दुसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, घरी बसवेना म्हणून रामकुंडाजवळच्या एका तीर्थपुरोहितांकडे रोज सकाळी जाऊ लागले. त्यांच्याकडे यजमानांच्या वंशावळीच्या वह्या. लांबट, लाल फडक्यात बांधलेल्या. जुनी पानं मोडीत, पुढची बाळबोध. मला मोडी वाचता येत नव्हती, ती तिथेच शिकायला घेतली. एकदा विदर्भातून एक गृहस्थ वडिलांच्या अस्थी घेऊन आले. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, वही काढली आणि चार-पाच पानं उलटून थांबले. तिथे त्या माणसाच्या आजोबांची सही होती, शाईची, थरथरत्या हाताची. त्यांनी तिच्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. मग गुरुजींनी बॉलपेन दिलं. त्यांनी खाली स्वतःचं नाव लिहिलं, मुलांची लिहिली, इतकं दाबून की मागच्या पानावर अक्षरं उमटली. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या पानापासून सुरू होतं. वेटिंग लिस्टवाल्या विभागाला पाठवलेल्या पत्रात मोडी शिकतेय आणि या वह्या वाचतेय, एवढं मी लिहिलं होतं. त्या ओळीमुळे निवड झाली असं मी म्हणणार नाही. पण ते पत्र लिहिताना पहिल्यांदाच मला विनवणी केल्यासारखं वाटलं नाही.

वडील विचारतात, धर्माची पीएच.डी. म्हणजे तू कीर्तनकार होणार का. त्यांना नीट सांग, टाळू नकोस. धर्म पाळायला शिकवणं वेगळं आणि धर्माबद्दल शिकवणं वेगळं. 1963 मध्ये अमेरिकेतल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं सक्तीचं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्माचा अभ्यास म्हणून अभ्यास करायला हरकत नाही असं त्याच निकालात म्हटलं. त्यानंतर तिथल्या सरकारी विद्यापीठांमध्ये हे विभाग वाढले. वडिलांना काळाराम मंदिराचं उदाहरण दे. 2 मार्च 1930 ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षं चालला. देवळाचं दार कुणासाठी उघडतं, कुणासाठी नाही, का नाही, हे पुराव्यानिशी अभ्यासणं म्हणजे हा विषय. माझ्या वडिलांना हे असं सांगितल्यावर पटलं होतं. ते स्वतःच मला पूर्व दरवाजापाशी घेऊन गेले.

शेवटी कागदपत्रांचं, कारण इथे मी फसले होते. मार्कशीटवर आपलं आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं आणि आईचं. पासपोर्टवर वेगळा क्रम. माझ्या अर्जातलं नाव एकाशी जुळत होतं, दुसऱ्याशी नाही, आणि ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता, दोन आठवडे अडकून पडलं. तुझी सगळी कागदपत्रं समोर मांड आणि नावाचं प्रत्येक अक्षर जुळतं का ते बघ. पासपोर्टची मुदत बघ. जागा मिळाली तर आय-20, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो फॉर्म, लवकर मागव, त्यावर विद्यापीठ देणार असलेली रक्कम छापलेली असते, त्यामुळे पूर्ण स्टायपेंड असेल तर बँकेतल्या शिलकीची धावपळ करावी लागत नाही. मग सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे, 350 डॉलर भरायचे आणि मुंबईच्या व्हिसा मुलाखतीची वेळ घ्यायची. ती लगेच घे. 2025 च्या मे-जूनमध्ये विद्यार्थ्यांना नव्या वेळा देणं काही आठवडे थांबलंच होतं, तेव्हा मे महिन्यावर ढकलू नकोस.

दिंडीची वही कुणाकडे सापडली तर पहिल्या पानाचा फोटो मला पाठव. मालकाला विचारून. आणि 15 एप्रिलला काहीही झालं तरी लिही, मी त्या रात्री जागी असेन.