केअर होममधल्या ज्येष्ठांसाठी घट्ट पेयं कशी निवडावीत?

तुम्ही विचारलंय की, केअर होममधल्या काही आजी-आजोबांना पाणी पिताना ठसका लागतो, डॉक्टर ‘घट्ट करून द्या’ म्हणाले आहेत. तर पावडर कोणती घ्यावी, तयार पेयं बरी का, आणि सगळ्यांसाठी एकच जग भरून ठेवला तर चालेल का. मी स्पीच थेरपिस्ट आहे, गिळण्याच्या तक्रारी हे माझं रोजचं काम. शेवटच्याचं उत्तर आधी देते: एकच जग चालणार नाही.

नुसतं ‘घट्ट करून द्या’ ही सूचना अर्धवट आहे. किती घट्ट, हे आकड्यात हवं. आयडीडीएसआय नावाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, तिच्यात पेयांना 0 ते 4 अशा पातळ्या आहेत. 0 म्हणजे साधं पाणी, 1 किंचित घट्ट, 2 थोडं घट्ट, 3 मध्यम आणि 4 म्हणजे चमच्यानेच खायचं. कोणाला कुठली पातळी, हे त्या माणसाचं गिळणं तपासून ठरतं. एकाला 1 पुरते, शेजारच्या खाटेवर 3 लागते. थेरपिस्टकडून प्रत्येकाचा आकडा लिहून घ्या आणि पेयं जिथे तयार होतात तिथे लावा.

‘जरा जास्तच घट्ट केलेलं बरं’ हा समज मला सगळीकडे भेटतो आणि तो धोक्याचा आहे. पातळ द्रव घशात भसकन उतरतो, श्वासनलिका मिटायच्या आत तिच्यात शिरतो. घट्ट द्रव सावकाश उतरतो, तेवढा वेळ मिळतो. त्याचा उपयोग एवढाच. पण घशाचे स्नायू कमजोर असतील तर फार घट्ट पेय पूर्ण खाली जात नाही, घशात साचून राहतं आणि नंतर, माणूस आडवा झाल्यावर, श्वासनलिकेत ओघळू शकतं. म्हणून ज्याला झेपेल त्यातलं सगळ्यात पातळ, तेच योग्य.

आता पावडर. बाजारात मुख्यतः दोन प्रकार असतात: स्टार्चची आणि झँथन गम या डिंकासारख्या पदार्थाची. स्टार्चची स्वस्त पडते, पण पेय गढूळ दिसतं, ठेवलं की आणखी घट्ट होत जातं, आणि लाळ लागली की उलट पातळ होतं, कारण लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य स्टार्च फोडतं. उष्टा चमचा कपात बुडवत बुडवत चहा पाजला, तर शेवटचे घोट पहिल्यापेक्षा पातळ झालेले असतात, आणि पाजणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. झँथन गमवर लाळेचा तसा परिणाम होत नाही, पाणी स्वच्छ दिसतं, घट्टपणाही बराच टिकतो. निवड माझ्या हातात असेल तर मी गमचीच घेईन.

गमची एक खोड मात्र सांभाळावी लागते. दुधात ती सावकाश फुलते. ढवळून झाल्यावर दूध पातळच दिसतं, म्हणून कोणीतरी आणखी एक चमचा टाकतं, आणि थोड्या वेळाने कपात चमचा उभा राहतो! डब्यावर लिहिलेलं माप आणि वेळ पाळायची, मधे वाढीव पावडर घालायची नाही. चूक झाली तर ओतून द्यायचं आणि नव्याने करायचं.

जमलं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. 10 मिलीची साधी सिरिंज घ्या, मात्र शून्यापासून 10 च्या खुणेपर्यंतची लांबी 61.5 मिलीमीटर आहे का ते बघा, सगळ्या सिरिंज सारख्या नसतात. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, 10 मिली भरा, 10 सेकंद वाहू द्या आणि पुन्हा बोट लावा. आत 1 ते 4 मिली उरलं तर पातळी 1, 4 ते 8 उरलं तर 2, 8 च्या वर उरलं पण थोडं तरी वाहिलं तर 3. काहीच वाहिलं नाही तर 4. मग चमच्यावर घेऊन बघा, आकार धरून राहिलं पाहिजे आणि चमचा कलता केला की एका गोळ्यात पडलं पाहिजे. चाचणी ज्या तापमानाला पाजणार त्याच तापमानाला करा.

तयार पेयं महाग असतात, चवी मोजक्या असतात, पण घट्टपणा दर वेळी तोच. कर्मचारी सतत बदलत असतील किंवा रात्रपाळीला एकच माणूस असेल, तर निदान त्या वेळेपुरती तयार पेयं ठेवा.

आणि किती प्यायलं गेलं याची रोज नोंद करा. घट्ट पाणी बहुतेकांना आवडत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं, तहान भागत नाही. 2008 साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. डिमेन्शिया किंवा पार्किन्सन असलेले 515 रुग्ण, काहींना साधे द्रव पण हनुवटी खाली घेऊन, काहींना घट्ट द्रव. तीन महिन्यांत न्यूमोनियाच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. डिहायड्रेशन मात्र घट्टवाल्यांत जास्त होतं. म्हणून कोणी ग्लास परत सारत असेल तर ‘हट्टी आहेत’ म्हणून सोडू नका. चव बदला, थंड देऊन बघा, तरीही नाहीच तर थेरपिस्टला पुन्हा बोलवा. कधी पातळी खाली आणता येते, कधी बसण्याची पद्धत बदलून भागतं. दात-तोंड स्वच्छ ठेवणंही तितकंच गरजेचं, कारण न्यूमोनिया होतो तो लाळेबरोबर खाली जाणाऱ्या जंतूंमुळेही.

आइस्क्रीम आणि बर्फ तोंडात वितळून पाणी होतात, जेलीचीही तीच गत होऊ शकते. विचारल्याशिवाय देऊ नका.

पावडरचा डबा कुलपात ठेवा. कोरडी पावडर तोंडात टाकल्याने गुदमरून मृत्यू झाल्यावर इंग्लंडच्या आरोग्यसेवेने 2015 मध्ये खास इशारा दिला होता. आणि कोणाला बद्धकोष्ठतेसाठी मॅक्रोगोल चालू असेल, तर ते स्टार्चने घट्ट केलेल्या पेयात मिसळू नका, पेय पुन्हा पाण्यासारखं होतं. स्टार्चची पावडर वापरत असाल तर आजच सगळ्यांच्या औषधांची यादी फार्मासिस्टला दाखवा.