सोफा कुणाचा?

प्रश्न : ताई, मी सांगलीत होस्टेलवर राहून इंजिनीअरिंग करतो. इन्स्टाग्रामवर माझं वेबकॉमिक आहे. दोन मित्र, काडीची माणसं, गेमिंगचे आणि कोडिंगचे जोक. परवा एकानं खाली लिहिलं, 'एक्सकेसीडीची झेरॉक्स.' तेव्हापासून काही काढावंसंच वाटत नाही. चार स्ट्रिप पाठवतोय. खरंच नक्कल आहे का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काडीची माणसं ही कुणाची जहागीर नाही रे. रँडल मन्रोनं २००५ साली एक्सकेसीडी हे काडीच्या माणसांचं अमेरिकन वेबकॉमिक सुरू केलं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर हीच माणसं मारामाऱ्या करत होती. आपल्याकडे रचिता तनेजा २०१४ पासून 'सॅनिटरी पॅनल्स' काढते. तिच्याही काड्याच. पण तिच्या काड्या आपल्या राजकारणावर बोलतात, इतक्या थेट की २०२० मध्ये तिच्यावर सुप्रीम कोर्टाच्या अवमानाची कारवाई करायला ॲटर्नी जनरलनी संमती दिली होती. तेव्हा हे एक्सकेसीडीसारखं दिसतं, असं कुणाच्या मनातही आलं नसेल.

तेव्हा काड्यांचं सोड. मला खटकला तो सोफा.

चारपैकी तीन स्ट्रिपमध्ये दोन जण सोफ्यावर बसलेत, समोर टीव्ही, हातात कंट्रोलर, खाली पिझ्झाचा खोका. होस्टेलच्या कुठल्या खोलीत सोफा असतो? तुमच्याकडे असेल तर रेक्टरचा पत्ता पाठव, मीही ॲडमिशन घेते. हा सोफा अमेरिकेतून आलाय. १९९८ मध्ये जेरी होल्किन्स आणि माइक क्राहुलिक या दोघांनी 'पेनी आर्केड' हे व्हिडिओ गेमवरचं वेबकॉमिक सुरू केलं, ते गाजलं, आणि मागोमाग 'दोन गेमर आणि एक सोफा' अशा हौशी कॉमिक्सचं पीकच आलं. त्या दोघांचं ठीक होतं, ते त्यांच्या घरातलं होतं. तू मात्र त्यांची रेघ सोडून त्यांची बैठक उचललीस. रेघ उचलली असतीस तर मी एवढं बोलले नसते.

आता चौथी स्ट्रिप. मेसची. मुलगा काकूंसमोर कार्ड धरून उभा आहे आणि रविवारच्या फीस्टच्या खान्यावर, जिथे आधीच पंच पडलाय, तिथे अंगठा दाबून धरलाय. तिसऱ्या चौकटीत काकू काही बोलत नाहीत, नुसता त्यांचा पंच त्या अंगठ्याच्या नखापाशी येऊन थांबतो. फुगा नाही, काही नाही. आणि मुलाच्या डोळ्यांचे दोन ठिपके तू किंचित वर सरकवलेस, तो काकूंकडे बघतच नाही, मागच्या श्रीखंडाच्या डब्याकडे बघतोय. मी मोठ्यांदा हसले. ही स्ट्रिप तू घाईत काढलीस हे कळतं, पट्टीसुद्धा लावलेली नाही. पण हा अंगठा मन्रोला सात जन्मांत सुचला नसता, कारण त्याच्याकडे मेसचं कार्ड नव्हतं.

चित्र उसनं घेण्याला मी तरी फार घाबरत नाही. रायन नॉर्थ २००३ पासून 'डायनोसॉर कॉमिक्स' चालवतो. क्लिप आर्टमधले डायनोसॉर, त्याच सहा चौकटी, दर वेळी फक्त संवाद नवे. आरती पार्थसारथी हिनं 'रॉयल एक्झिस्टेन्शियल्स'मध्ये जुनी लघुचित्रं घेतली आणि त्यातल्या राजेराण्यांच्या तोंडी आजची रडगाणी घातली. डेव्हिड अनेझनं २००० साली 'बॉब अँड जॉर्ज' सुरू करताना मेगा मॅन या व्हिडिओ गेममधली चित्रं तात्पुरती म्हणून लावली होती, हातानं काढलेलं कॉमिक तयार होईपर्यंत. ते हाताचं काही जमेना, आणि तात्पुरतंच २००७ पर्यंत चाललं. (त्याच्या नकला करणाऱ्यांनी मात्र तेच गेम, त्याच आकृत्या आणि तेच विनोदही उचलले. ती कॉमिक्स आज बघवत नाहीत.)

आणि आपल्या घरचं उदाहरण हवं असेल तर आर. के. लक्ष्मण. लहानपणी म्हैसूरला 'द हिंदू'त ब्रिटिश व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांची चित्रं ते डोळ्यांत साठवायचे. सही मात्र बरीच वर्षं 'काऊ' अशी वाचत होते! बाळासाहेब ठाकरेही लो यांचेच भक्त. दोघं मुंबईत 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये एकत्र होते. गुरू एकच, पण लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला कॉमन मॅन आणि 'मार्मिक'मधले ठाकरे यांचे फटकारे यांत कुणाची गल्लत होते का?

तेव्हा हवं तर मन्रोची पानंच्या पानं गिरव. दोन फुग्यांच्या मध्ये तो किती जागा सोडतो, शेवटच्या चौकटीत कोण गप्प बसतं, ते हाताला कळू दे. फक्त ती वही पोस्ट करू नकोस. पोस्ट करायला पुढच्या चार स्ट्रिप अशा काढ, की त्यात तुझ्या खोलीत नसलेली एकही वस्तू नको. कॉट, बादली, दोरीवरचे कपडे, जळका एक्स्टेन्शन बोर्ड, झालं. त्या कॉमेंटवाल्याला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नकोस.

प्रश्न : माझी सासू-सून आणि वायफायच्या पासवर्डवरची स्ट्रिप एका मोठ्या पेजनं माझी सही कापून पोस्ट केली. शिवाय दुसऱ्या एकीनं त्याच कल्पनेवर स्वतःची स्ट्रिप काढली. दोघांवर केस करता येईल का? — एक वाचक, पुणे

उत्तर : पहिली सरळ चोरी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढलंत की हक्क तुमचा, नोंदणीची सक्ती नाही. लेयर असलेली मूळ फाइल जपा आणि पेजची तक्रार करा. सही कोपऱ्यात करू नका, ती कापायलाच ठेवल्यासारखी असते. टेबलाच्या कडेला, पात्राच्या पायांमध्ये करा, म्हणजे कापणाऱ्याला पायही कापावे लागतील.

दुसरीचं विसरा. आर. जी. आनंद यांनी 'न्यू दिल्ली' हा सिनेमा आपल्या 'हम हिंदुस्तानी' नाटकावरून घेतला म्हणून खटला भरला होता. प्रांतवादाचा विषय दोन्हींकडे होता, तरी १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कल्पनेवर, विषयावर कॉपीराइट नसतो, आणि आनंद हरले. पासवर्ड न सांगणारी सून आता घरोघरी आहे. चौकटीला चौकट आणि वाक्याला वाक्य जुळत असेल, तरच वकिलाकडे जा, आणि जाताना दोन्ही स्ट्रिप एकाच कागदावर शेजारीशेजारी छापून न्या.