घराण्याची गोष्ट लिहिताना: वाचकांचे प्रश्न

घराण्याचा इतिहास शोधून तो गोष्टीरूपानं छापू पाहणाऱ्या वाचकांचे पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : माळ्यावरच्या पेटीत मोडी कागद निघाले. एका जाणकारांनी तारीख वाचून दिली, 'छ १४ मोहरम, इसन्ने सबैन मया व अलफ'. हा कागद किती जुना? घरात सांगतात की आमचे पूर्वज पेशव्यांचे सरदार होते. हा कागद मात्र पाटाच्या पाण्याच्या पाळीचा आहे. (वाई)

तुमच्या हातात एप्रिल १७७२चा कागद आहे. इसन्ने म्हणजे दोन, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार. बेरीज ११७२. हा शुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांतली कालगणना, मृग नक्षत्रापासून सुरू होणारी. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. 'छ' ही चांद्र महिन्याची तारीख, आणि या शुहूर सनातला मोहरम १७७२च्या एप्रिलात पडतो. म्हणून इथे ६००.

आता ही तारीख गोष्टीच्या अंगानं बघा. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले. राज्याचा धनी अखेरच्या आजारात आणि तुमच्या घरचा माणूस उसाला पाणी मिळावं, की पोटापुरत्या जोंधळ्याला, म्हणून भांडतोय. पीक कोणतं ते कागदात असेल तर नीट वाचून घ्या. मला तरी सरदारकीपेक्षा हे भांडण जास्त मोलाचं वाटतं, कारण ते फक्त तुमचं आहे.

सरदारकीची आठवण खोडूही नका. 'आमच्यात असं सांगतात' असं लिहा, आणि कोणी, कधी सांगितलं तेही लिहा. कागद आणि कहाणी जुळत नसली की मधली फट बुजवायचा मोह होतो. ती उघडी ठेवा. नावांमधला 'बिन' शोधायला सांगा. बिनच्या पुढचं नाव बापाचं, म्हणजे एका शब्दात एक पिढी मागे जाता येतं. कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीजवळ, सावलीतल्या उजेडात फोटो काढा आणि मोडी स्वतः शिका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ १९१०पासून या कागदांवर काम करत आलं आहे. मोडीचे वर्गही ठिकठिकाणी भरतात.

प्रश्न : आजी एकोणनव्वद वर्षांची आहे. तिला काय विचारू? (पुणे)

तारखा विचारू नका. 'पानशेत फुटलं तेव्हा घरातून काय उचललंस?' असं विचारा. १२ जुलै १९६१ ही तारीख तुम्ही मागून घालू शकता. तिनं उचललेला डबा तिलाच ठाऊक आहे. कोयनेचा भूकंप १९६७चा, दुष्काळ १९७२चा, अशा खुंट्यांवर बाकीच्या आठवणी टांगल्या जातात. एका बैठकीला पाऊण तास पुरे. आणि हे याच आठवड्यात करा.

प्रश्न : सात पिढ्यांची वंशावळ तयार झाली, पण तिच्यात एकही बाई नाही. पणजीला सगळे 'काकी' म्हणत. तिचं नाव कुठे सापडेल? (डोंबिवली)

तुमच्या घरी श्राद्ध होत असेल तर पहिल्यांदा भटजींकडे जा. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबांबरोबर आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यावी लागतात, शिवाय आईच्या माहेरची. पितृपक्षासाठी काढलेली यादी अनेक घरांत एखाद्या जुन्या वहीत, नाहीतर पंचांगाच्या मागच्या पानावर असते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या गाव आणि आडनाव सांगितलं की निघतात. यात्रेला आलेल्या बायकांची नावंही त्यांत मिळू शकतात.

मग भांडी उतरवा. माझ्या पणजीचं नाव मला एका तांब्याच्या घंगाळावर सापडलं, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं, काळ्या थराखाली. चिंच लावून घासलं तेव्हा एकेक अक्षर वर आलं. त्याआधी ती आमच्यासाठी नुसती 'मोठी बाई' होती.

सरकारी कागदांत वारसनोंदीचे जुने फेरफार बघा. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलीही वारस झाल्या, त्यामुळे त्यांची नावं फेरफारात आली. त्यापाठोपाठ बहुतेक घरांत एक हक्कसोडपत्र असतं. बहिणीचं नाव घरच्या कागदावर पहिल्यांदा येतं तेच मुळी जमिनीवरचा हक्क सोडताना, आणि खाली तिचा अंगठा. हा कागद मिळाला तर वंशावळीत नुसतं नाव भरून पुढे जाऊ नका. त्या दिवशी ती तालुक्याला कोणाबरोबर गेली, परत माहेरी आली की नाही, हे सांगणारं कोणीतरी अजून असेल.

एक लक्षात ठेवा, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलेलं नाव वेगळं असू शकतं. त्या आधीचं नाव तिच्या माहेरच्या वंशजांकडेच मिळेल.

प्रश्न : आजोबा कोकणातून गिरणीत आले. गावात आमचं घर महारवाड्यात होतं. कुलवृत्तांत नाही, सातबारा नाही. आम्ही कुठून सुरुवात करायची? (परळ)

शाळेपासून. गावच्या मराठी शाळेचं जनरल रजिस्टर मागा. मग तहसील कार्यालयात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक. त्यात गावातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी असत. १९५८च्या कायद्यानं कनिष्ठ वतनं, म्हणजे गावकामाच्या बदल्यात महार वगैरेंकडे असलेल्या जमिनी आणि हक्क, खालसा झाली, त्या वेळच्या आणि आधीच्या वतनाच्या कागदांत तुमच्या माणसांची नावं असण्याची शक्यता मोठी आहे. घरात कोणी पलटणीत होतं का, हेही विचारा. १११वी महार पलटण १९१७ची, महार रेजिमेंट १९४१ची. पेन्शनचा एक कागद अख्ख्या पिढीचा पत्ता देतो.

जुन्या नोंदींची भाषा अपमानाची असेल, नाव एकेरी आणि तोडून लिहिलेलं असेल. उतारा जसाच्या तसा द्या, पण तुमच्या निवेदनात आजोबांचं पूर्ण नाव, आदरानं. मुंबईतल्या कागदांत गिरणीचा हजेरी पास, फंडाची पावती, चाळीची भाडेपावती शोधा. खोलीत किती जण झोपत, पाळ्या कशा लावत, हे खोलीत राहिलेल्या गाववाल्यांकडूनच कळेल. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, त्या दिवसाबद्दल प्रत्येकाला वेगवेगळं विचारा.

प्रश्न : आजोबांचं दुसरं घर होतं. सगळ्यांना माहीत आहे, पण लिहायचं म्हटलं की चुलतभाऊ कोर्टाची भाषा करतो. आणि हे छापायचं कुठे? (कोल्हापूर)

आधी त्या दुसऱ्या घरी जा. तिथेही मुलं-नातवंडं असतील आणि ही गोष्ट त्यांची जास्त आहे. त्यांनी नको म्हटलं तर मी लिहिणार नाही. हो म्हटलं तर त्यांचं म्हणणं त्यांच्या शब्दांत यावं. कायद्याचं म्हणाल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६नुसार, नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं मृताची बदनामी केली तर तोही गुन्हा ठरू शकतो, म्हणून आजोबांवर ठपके ठेवण्यापेक्षा घडलं ते आणि पुरावा असलेलंच लिहा. पत्रं छापणार असाल तर कागद तुमचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. नावं बदललीत तर तसं पहिल्याच पानावर सांगा.

चारशे पानांचं पुस्तक लगेच नको. एका प्रसंगावर दोन हजार शब्द लिहून उन्हाळ्यातच एखाद्या दिवाळी अंकाकडे पाठवा. असे सात-आठ लेख झाले की शंभर प्रती छापा. आयएसबीएन सरकारकडून विनाशुल्क मिळतो. पहिल्या दोन प्रती दोन्ही घरी द्या, तिसरी गावच्या वाचनालयात.