मटणाशिवाय सावजी रस्सा घरी जमतो का?

आपण विचारले आहे की नागपूरला शिकत असताना भोजनालयातून पार्सल आणून खाल्लेला सावजी मटणाचा रस्सा, आता मांसाहार सोडल्यावर, मटणाशिवाय घरी करता येईल का, आणि मटणाच्या जागी सोयाबीनच्या वड्या घ्याव्यात की फणस. करता येतो. मी बारा वर्षांपासून करतो आहे. ‘मटण नाही तर सावजी कसली’ हे वाक्य मात्र मला दर सणाला माझ्या साळ्यांकडून ऐकावे लागते, त्यामुळे हे उत्तर थोडे लांबणार आहे.

आमचे घर नागपुरातल्या पाचपावलीकडचे. रविवारी सकाळी स्टीलचा डबा घेऊन गोळीबार चौकाच्या बाजूला जायचे, झाकण नीट घट्ट लावले आहे ना हे दोनदा पाहायचे आणि बोटभर तर्री तरंगणारा रस्सा सायकलवरून न सांडता घरी आणायचा, हे काम मी शाळेत असल्यापासून केले. पुढे उजव्या पायाचा अंगठा सुजला, युरिक ॲसिड वाढलेले निघाले आणि डॉक्टरांनी मटण बंद केले. बंद झाल्यावर लक्षात आले की मला फोडींची आठवण फारशी येतच नव्हती. आठवण येत होती ती रश्शात भिजवलेल्या ज्वारीच्या भाकरीची.

पहिला प्रयत्न मी आळशी माणसाच्या पद्धतीने केला. दुकानातून सावजी मसाल्याचे पाकीट आणले, सोयाबीनच्या वड्या घातल्या आणि कुकरच्या तीन शिट्ट्या काढल्या. रंग भडक आला, तिखटपणा कानापर्यंत गेला, पण चव मात्र पोकळ. त्या दिवशी घरी आठ माणसे जेवायला होती, आणि त्या सर्वांसमोर साळे म्हणाले, “भाऊजी, हे तिखट पाणी आहे.” ते खरे होते, म्हणूनच अधिक लागले.

दुसऱ्या वेळी मी रश्शाला दाटपणा यावा म्हणून अर्धी वाटी जवस वाटून घातले. शेजारी एक कोष्टी आजी राहत असत. त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होता आणि त्यांचे यजमान मिलमध्ये कामाला होते. सावजी स्वयंपाक मुळात हलबा कोष्टी समाजाचा, तेव्हा याविषयी विचारायचे तर त्यांनाच, असा विचार करून मी वाटीभर रस्सा त्यांच्याकडे नेला. त्यांनी त्यात बोट बुडवून वर उचलले. बोटावरून तार निघाली. “हा रस्सा नाही होय रे बाबू, खळ आहे. सूत बुडव याच्यात,” असे म्हणून त्यांनी वाटी परत केली. सुताला ताठपणा आणण्यासाठी विणकर जी खळ लावतात, तिची उपमा माझ्या पाककृतीला मिळाली होती.

मी मटण सोडल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी जे उत्तर दिले, त्यावर माझे पुढचे सगळे म्हणणे उभे आहे. “मटन तं पगाराच्या दिवशी होय. बाकी दिवस याच मसाल्यात पाटोडी, नाही तं डाळ-कांदा.” पाटोडी म्हणजे बेसन शिजवून थापलेल्या वड्या.

नंतर त्यांनी आपल्या ओट्यापाशी उभे करून मला जे शिकवले, ते चार माणसांच्या मापाने सांगतो. जवस चहाचे दोन चमचेच घ्यावे, ते कोरडेच भाजावे आणि तडतडू लागताच उतरवावे, कारण आणखी अर्धा मिनिट राहिले तर संपूर्ण गंज, म्हणजे पातेलेभर रस्सा, कडू होतो. दोन मोठे चमचे धने, एक चमचा खसखस, पाव वाटी सुके खोबरे, चमचाभर काळी मिरी, पाच-सहा लवंगा, दालचिनी, मसाला वेलची, शहाजिरे, जायपत्री आणि दगडफूल हे एकेक करून थोड्या तेलावर भाजावे; सगळे एकदम कढईत टाकले की खसखस जळते आणि धने कच्चे राहतात. दोन मोठे कांदे सोनेरी रंगावर न थांबता पार तपकिरी होईपर्यंत परतावे. मिरची पाकिटातली पूड नको. आमच्याच नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची, जिला भौगोलिक मानांकन आहे, ती सुकी आणून कोमट पाण्यात भिजवून लसूण-आल्याबरोबर वाटावी. इतवारीत मस्कासाथला गेलात तर यातले बहुतेक सर्व एकाच फेरीत मिळते.

पुढचा टप्पा बहुतेक जण घाईने उरकतात. लहान वाटीभर तेलात हे वाटण मंद आचेवर अर्धा तास परतावे लागते. तेल सुटू लागले की लोक पाणी ओततात, पण ती वेळ नव्हे. कच्च्या लसणाचा वास पूर्ण जाऊन वाटण गंजाच्या कडा सोडते आणि उलथण्याभोवती एक गोळा होऊन फिरू लागते, तेव्हा ते झाले असे समजावे. मध्ये चिकटले तर चमचाभर उकळते पाणी घालावे. मिरचीचा तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. तेल वाचवणाऱ्यांच्या घरी रस्सा भाजीसारखा लागतो तो यामुळेच.

मटण रश्शाला दोन गोष्टी देते. हाडांमधला चिकट अंश उकळून उतरतो आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. शिवाय चरबी मसाल्याचा वास धरून ठेवते. दुसरे काम तेल करते. पहिल्यासाठी त्या दोन चमचे जवसाचा चिकटपणा पुरतो, आणि साध्या पाण्याऐवजी चण्याच्या डाळीचा कट गरम करून घातला की रश्शाला अंग येते. चमचाभर भाजलेले ज्वारीचे पीठ कालवून सोडावे, वीस मिनिटे उकळावे आणि झाकून दोन तास तसेच ठेवावे. तर्री वर येते ती या दोन तासांत.

आता सोयाबीन की फणस. आजींचे उत्तर ऐकल्यापासून मला हा प्रश्न गौण वाटतो, कारण दोन्हींत मटणाचे सोंग आणण्याची धडपड आहे. वड्या घ्यायच्याच असतील तर मिठाच्या पाण्यात उकळून, घट्ट पिळून, तळून घ्याव्यात, नाहीतर त्यांचा वास रश्शावर चढतो. कोवळा फणस उन्हाळ्यात कॉटन मार्केटला मिळतो आणि तळून चांगला लागतो. मी मात्र पाटोडीच घालतो, तीही ताटात वाढताना, कारण ती रश्शात उकळली तर विरघळून त्याचे पिठले होते.

साळ्यांचे म्हणणे असे की हाड नाही तर सावजी नाही. ज्या भोजनालयांची नावे ते अभिमानाने घेतात, तिथेही पाटोडी, डाळ-कांदा आणि मसाल्याची वांगी मिळतात. ती त्याच मसाल्यात शिजतात आणि त्यांना कोणी नकली म्हणत नाही. मग माझ्या घरच्या गंजालाच हा न्याय का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही. गेल्या दिवाळीला त्यांनी तीन वाट्या घेतल्या, तिसरी भाकरीने पुसली आणि वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर, मागून घेतला. हात धुताना म्हणाले, “पाटोडी रस्सा चांगला होता. पण सावजी नाही.”

आणखी काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. पित्ताचा त्रास असेल तर मिरची निम्मी करावी आणि हा रस्सा रात्री खाऊ नये. जवस भाजून ठेवलेले जुने वापरू नये, त्यातले तेल लवकर खवट होते. शिवाय मी खरा मटणाचा रस्सा खाऊन बारा वर्षे झाली, म्हणजे ज्या चवीशी मी तुलना करतो आहे ती माझ्या आठवणीतलीच आहे. आणि नळी चोखण्याची हौस या गंजात भागत नाही, तिला पर्याय मला सापडलेला नाही. तेवढ्यापुरते साळ्यांचे बरोबर आहे, पण हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही.