चित्रांच्या तक्त्याआधी गच्चीवर परळ ठेवा

ताई, लेकीला पक्षी ओळखायला कसं शिकवू, असं विचारलंत. ती चार वर्षांची आहे ना? मग पक्ष्यांचा तक्ता राहू दे. गच्चीवर सावलीत मातीचं परळ ठेवा, पाणी दोन बोटं खोल, आणि रोज सकाळी ते घासून भरायचं काम तिलाच द्या. पाणी शिळं ठेवू नका, पाखरं आजारी पडतात.

पक्षी आले की नाव सांगायची घाई नको. "चालतो कसा?" एवढंच विचारा. चिमणी दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या मारते, साळुंकी एकेक पाऊल टाकत चालते. मग दोघी तसंच चालून बघा. माझ्या नातवाला साळुंकी अशीच कळली, अंगणभर चालून.

पावसाच्या दिवसांत चोचींचा खेळ मांडा. परातीत तांदूळ, शेंगदाणे, पेल्यात सरबत. हाताशी चिमटा, सांडशी, स्ट्रॉ. कशानं काय उचलतं ते तिचं तिला शोधू दे. सरबत स्ट्रॉनेच पिता येतं हे कळलं, की जास्वंदीवर बसून चोचीनं फुलातला मध पिणारा इवलासा शिंजीर पक्षी दाखवा.

कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर सकाळी लवकर जा. खंड्या दिसला तर तिथंच थांबा, दुसरं काही दाखवू नका. घरटं मात्र कधी हाताळू देऊ नका.