पावसाळा संपल्यावर साताऱ्यात देशी झाडांसाठी रविवारी श्रमदान करता येईल का?

हो, आणि खरी गरज दिवाळीनंतरच असते. जूनमध्ये रोप लावून फोटो काढणारे भरपूर. फेब्रुवारीत पाणी घालायला येणारे मोजकेच. अजिंक्यताऱ्यासारख्या उतारांवर गवत वाळलं की वणव्याची भीती, म्हणून आधी रोपांभोवतीचं गवत काढून जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, आखायची. मग पाणी साठायला रोपाभोवती आळी, पालापाचोळ्याचं आच्छादन, पाणी. वड, उंबर, करंज, बहावा पहिले दोन-तीन उन्हाळे निघाले की बहुतेक स्वतःच तग धरतात. वनजमीन असेल तर वनखात्याला विचारून जा. मात्र कासच्या सड्यावर, म्हणजे फुलांच्या कातळ पठारावर, झाडं नकोत: तिथं कातळावर मातीचा पातळ थर, फुलांना ऊन हवं, सावली त्यांच्या मुळावरच येते.